चेनलॉकची पत्ती

सात वर्षं ही गोष्ट माझ्या तोंडून निघालेली नाही. तसा मी गप्प बसणारा माणूस नव्हे. विसरवाडीच्या फाट्यावर माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे, आणि हायवेवरच्या कुणाही ट्रकवाल्याला विचारा – हा माणूस हातापेक्षा तोंड जास्त चालवतो, असंच सांगेल. पण एवढं एक राहिलं. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीटसं कळत नाही. ऐका तर खरं.

आधी माझी खोड सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. एखादी गोष्ट ‘अशीच असते’ असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाला खाज सुटते. का असते? नवापूरला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते उस्ताद या खोडीनं मेटाकुटीला आले होते. बंद बेअरिंगमध्ये ग्रीस असतं तरी किती, हे पाहायला मी एकदा कोरं करकरीत बेअरिंग फोडलं. उस्तादांनी पाठीत धपाटा घातला, आणि मग स्वतःच चष्मा वर करून आत डोकावले. त्यांनाही कुठे माहीत होतं?

डांबरावर पळणाऱ्या आणि नाल्यातूनही निघणाऱ्या गाड्या – ड्युअल-स्पोर्ट म्हणतात त्यांना – त्यांचं मला वेड लागलं ते यामुळेच. उंच सीट, तारांची चाकं, सगळं उघडंवाघडं, झाकपाक काही नाही. सुरतेकडचे हौशी लोक असल्या गाड्या घेऊन तोरणमाळला निघतात, तेव्हा वाटेत माझ्याकडे थांबतात. पण रायसिंगची गाडी मी पहिल्या नटापासून तयार केली होती.

रायसिंग मोलगीच्या वरच्या पाड्यातला. गुरांच्या दवाखान्यात नोकरी. लसीचा डबा मागे बांधून डोंगरभर हिंडायचा. त्याची सासुरवाडी आमच्या विसरवाडीजवळ, म्हणून ओळख झाली आणि मग ती दोस्तीच झाली, कारण खोड एकच. त्याला या गाडीवरून पार हिमाचलात, स्पितीला जायचं होतं. लोक बर्फ बघायला जातात, हा म्हणायचा, “तठे एवढी थंडीमा ढोरं काय करतस, ते माले देखनं शे.” गाडी चालवतानाही त्याचे डोळे चौफेर. कुठल्या पाड्यावर नवं घर उठलं, कुणाची म्हैस लंगडतेय – पलीकडच्या डोंगरावरचंही सांगायचा.

दोन महिने आम्ही ती गाडी सजवली. इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्रा हवा होता. नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्यानं मोडीत काढलेली खाद्याची टाकी आणली, कापली, ठोकून बसवली. इंजिन तापलं की कोंबडीच्या खाद्याचा वास यायचा, आणि रायसिंग म्हणायचा, गाडीला भूक लागली. क्लचच्या केबलला लागून दुसरी केबल आधीच टाकून ठेवली, म्हणजे रानात पहिली तुटली तर नुसती टोकं बदलायची. हँडलला गार्ड. मागच्या कॅरिअरवर आज लसीचा डबा, उद्या तंबू. आणि नवी चेन.

चेनपाशी आलो की मी थांबतो. सात वर्षं इथेच थांबतोय.

चेनची दोन टोकं जोडायला एक वेगळी कडी असते, तिला आम्ही चेनलॉक म्हणतो. त्या कडीवर नखाएवढी एक पत्ती बसते. तिचं एक टोक बंद, दुसरं फाटलेलं – दिसायला थेट मासोळी. उस्तादांचा नियम होता: मासोळीचं डोकं चेन पळते त्या दिशेला. उलटी बसवली तर निसटते. का निसटते? “असंच असतं.” झालं. मी पंधरा वर्षं डोकं पुढे ठेवून पत्त्या बसवल्या, आणि पंधरा वर्षं मला एकच प्रश्न – निसटलेली कुणी पाहिलीय? उस्तादांनी नव्हती पाहिली. मी नव्हती पाहिली. मग हे ठरवलं कुणी?

रायसिंगच्या गाडीला मी ती पत्ती उलटी बसवली.

चुकून नाही. घाईत नाही. पक्कड हातात होती, पत्ती दोनदा फिरवून पाहिली, आणि शांतपणे उलटी दाबली. पाहू तरी काय होतं ते.

माझ्या स्वतःच्या गाडीवर का नाही? माझ्या गाडीची चेन पूर्ण कव्हरमध्ये, तिथे काय दिसणार – असं मी मनाशी म्हटलं होतं. ते खरं आहे. पण तेवढंच खरं आहे का? माझी चेन उघडी असती, आणि मला रोज ते मोलगीचे घाट उतरायचे असते, तर मी बसवली असती? नसती बसवली. म्हणजे काय होऊ शकतं, ते मला ठाऊक होतं. गाडी ताब्यात देताना मी त्याला म्हटलं, सगळं एकदा नजरेखालून घाल. तो हसला. “तू बांधेल शे ना, मंग बस.”

पंधरा दिवसांनी तो सासुरवाडीला आला. चेनला तेल देतो, असं सांगून मी खाली वाकलो. पत्ती जागच्या जागी. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा वाकलो – जागच्या जागी. आज सरळ करून टाकू, असं मी घरून ठरवून निघालो होतो, हे शपथेवर सांगतो. पण ती निघाली नव्हती ना. अजून उत्तर मिळालं नव्हतं. मी म्हटलं, आणखी पंधरा दिवस.

नवव्या दिवशी दुपारी मोलगीहून फोन आला. रायसिंग घाटात पडला, पाय मोडला, लोकांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंय. मी हातातलं काम टाकून एका ओळखीच्याची जीप घेऊन निघालो. वाटेत घाटातल्या एका वळणावर त्याची गाडी आडवी दिसली. दवाखाना तिथून पुढे पाचेक किलोमीटर. माझा दोस्त तिथे कण्हत पडला होता, आणि मी गाडीपाशी थांबलो.

चेन पुढच्या लहान चक्राजवळ गोळा होऊन अडकली होती. म्हणजे मागचं चाक जाम. मुरमावर चाक फरफटल्याची रेघ होती, आणि ती रेघ तो पडला त्या जागेच्या बऱ्याच आधीपासून सुरू होत होती. मी रेघ धरून मागे चालत गेलो. घाणेरीच्या काटक्या रस्त्यात आल्या होत्या, त्यांच्या खाली पत्ती सापडली. उघडं तोंड वाकलेलं. उलटी बसवली की ते तोंड पुढे येतं, आणि काटकी, खडा, जे काही समोरून लागेल ते तिला मागे ढकलतं. इतकं सोपं होतं.

आता जे सांगतो, ते सांगताना लाज वाटते. पत्ती हातात आली तेव्हा मला आनंद झाला. पंधरा वर्षांचा प्रश्न सुटला होता. किती वेळ टिकला तो आनंद? क्षणभर असेल. पण रायसिंगची आठवण येण्याआधी तो आला होता. मग मी पत्ती खिशात घातली आणि चेन ओढून काढून जीपमध्ये टाकली.

दवाखान्यात त्याचा पाय फळीला बांधला होता. मला पाहून तो म्हणाला, “मन्हं ध्यान दरीमा गयं, भाऊ.” खाली कुणीतरी नवं घर बांधत होतं, ते तो पाहत होता. मग जरा वेळानं, त्या दुखण्यातही, त्यानं विचारलं – मी विचारलं असतं अगदी तसंच – “मी पहिले पडनू, का चेन पहिले निघनी?”

किती नेमका प्रश्न. मी म्हटलं, “तू पहिले पडना.”

पाय जोडला गेला, पण गुडघा पुरता वाकत नाही. गाडी त्यानं काढून टाकली. आता गुरांच्या दवाखान्यातच टेबलावरचं काम करतो. स्पितीचं नाव पुन्हा निघालं नाही. माझ्यावर त्याचा राग नाही, कसा असणार? घरच्यांना, पाहुण्यांना, सगळ्यांना तो सांगतो – मन्हीच चूक शे, मन्ही नजर ठिकानावर ऱ्हात नही. आणि मी शेजारी बसून चहा पितो.

गेल्या महिन्यात मोलगीच्या बाजाराला आम्ही दोघं जीपनं निघालो. तो पुढे, ड्रायव्हरशेजारी, मी त्याच्या मागे. घाट सुरू झाला तसा त्यानं धडधाकट पाय फरशीवर दाबून धरला आणि डोळे रस्त्यावर रोवले. चालवणारा दुसरा, तरी हा मान वळवेना. ते वळण आलं. डावीकडे पूर्ण दरी उघडी पडली, ऊन स्वच्छ होतं. रायसिंग समोरच पाहत राहिला.

मग मान न वळवता त्यानं मला विचारलं, “खाले काय काय दिसस?”

मी सांगितलं. नदीला पाणी कमी आहे. ते घर पुरं झालंय, वर पत्रे आहेत. अंगणात दोन बैल बांधलेत, एक पांढरा.

तो ऐकत होता. मी एवढंच सांगितलं.