पाणपोईचं छत आणि माझे चार चौकोन

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं दिवसाची वाटणी केली. सकाळ माझी, संध्याकाळ दोघांची आणि दुपार फक्त तिची. दुपारी ती औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, लोकरीच्या दुकानात जाऊन बसते. कैक वर्षं बसते. तिथं मी यायचं नाही.

"अहो, बाकी सगळं घ्या," ती म्हणाली. "टीव्ही घ्या, पेपर आधी वाचा, कढीपत्त्याला पाणी घाला. दुपार तेवढी सोडा."

मी मोठ्या मनानं सोडली. आपल्या गावच्या उन्हाळ्यात लोकरीच्या दुकानात जाऊन बसायला मला काय ऊन लागलं होतं?

लागलं. एप्रिल उजाडला आणि आमच्या कूलरची मोटार जळाली. मिस्त्री रोज सकाळी "आज येतो" म्हणायचा आणि म्हणण्यापुरता शब्द पाळायचा. शेवटी एका दुपारी मी डोक्याला ओला रुमाल गुंडाळला आणि बायकोच्या मागं निघालो. ती पुढं, मी मागं, भिंतीच्या सावलीला चिकटून, जणू आमची ओळखच नाही. दुकानात पाऊल टाकलं तर समोर कपाटाएवढा कूलर, त्याला ओल्या वाळ्याच्या ताट्या आणि तो गार वास. मी लगेच एका स्टुलावर बसलो.

"हे आमचे," बायकोनं ओळख करून दिली. दुखरी दाढ दाखवताना माणूस ज्या सुरात बोलतो, त्या सुरात.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळ्या काकी म्हणतात. मूळच्या पिशोरच्या, शेतकरी घरातल्या, आवाज अजून बांधावरचा. उन्हाळ्यात त्या लोकर डांबराच्या गोळ्या घालून पोत्यात बांधून ठेवतात आणि फळीवर सुती दोरा मांडतात. तो दोरा लडींमध्ये येतो. लड कुणाच्या तरी दोन्ही हातांत अडकवायची आणि दुसऱ्यानं तिचा गुंडा करायचा. त्या दुकानाचा कायदा असा, की जो रिकामा दिसेल त्यानं हात पुढं करायचे.

काकींनी मला न्याहाळलं. "भाऊजी, रिकामेच हायेत ना? करा हात पुढं."

वाळूजच्या कारखान्यात अख्ख्या तपासणी विभागाला घाम फोडणारा मी, मनगटांत निळी लड अडकवून देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा बसलो. नाक खाजवायचीही सोय नाही. पलीकडून गुंडा करत होत्या आपा. सिल्लोडहून लग्न होऊन इकडं आलेल्या, हात जेवढे चपळ तेवढीच जीभ.

"भाईसाब, हिलो मत," आपा म्हणाल्या. "खूंटी कभी हिलती है क्या?"

मी जायला पाहिजे होतं. पण कूलर होता. आणि त्या तिघींचं एक काम चाललं होतं, त्याची मला गोडी लागली. दुकानासमोर दर उन्हाळ्यात काकी पाणपोई मांडतात. माठ उन्हात आणि पाणी पिणाराही उन्हात. यंदा त्यावर क्रोशाचं छत करायचं ठरलं होतं. गल्लीतल्या बायका घरोघर चौकोन विणत होत्या. ते सगळे जोडायचं काम काकींनी पहिल्यांदाच माझ्या बायकोवर सोपवलं होतं. जोडकाम म्हणजे त्या दुकानात मोठा मान, काकी ते कधी कुणाला देत नसत. घरी ती आमटी ढवळतानासुद्धा टाक्यांचा विचार करायची. मला हे दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं यांत माझं नेहमीच बरंच अंतर राहिलंय.

दुसऱ्या दिवशी मी खिशात व्हर्निअर कॅलिपर घालून गेलो आणि बायकांचे चौकोन मोजायला लागलो. "हा मोठा आहे. हा तिरका आहे. हा नापास."

"आन् तुमचा कुठाय?" काकींनी विचारलं.

झालं, सुई हातात आली. क्रोशात एका टाक्याला 'मुका खांब' म्हणतात. मी विणताना सतत बोलायचो, म्हणून आपांनी माझं नाव 'बोलता खंबा' ठेवलं. कारखान्यात नट आवळायची सवय, त्यामुळं दोरा मी असा ओढायचो की सुई आत गेली की बाहेर काढायला दोन माणसं लागावीत. माझा पहिला चौकोन चहूबाजूंनी वर वळला.

"ये तो कटोरी है," आपांनी निकाल दिला. "दाल डालो इसमें."

काकी म्हणाल्या, "लई घट्ट झालंय भाऊजी. दोऱ्याला श्वास तरी घेऊ द्या की."

मी त्याला मजबुती म्हटलं. असे मजबूत चार चौकोन मी तयार केले, बायकोच्या हवाली केले आणि छतात ते कुठं लागणार, याची रोज चौकशी करत राहिलो. "लावते हो," एवढंच ती म्हणायची. आमची मोटार कधीच दुरुस्त झाली होती. तरी मी रोज दुकानात.

पाणपोई सुरू व्हायच्या आदल्या दिवशी छत लोखंडी पाइपांवर ताणून बांधलं. पांढरं, पिवळं, निळं. त्यातून पडणारी सावली जाळीदार, माठांवर हलणारी. काकींनी जोडावरून अंगठा फिरवला आणि फक्त "हं" म्हणाल्या. बायको घरी येताना रस्ताभर गुणगुणत होती. माझे चौकोन कुठं आहेत हे गर्दीत मला दिसलं नाही, आणि विचारायचं राहिलं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी तिथं पोचलो. वाटणीप्रमाणं सकाळ माझीच होती. छताखाली उभा राहिलो आणि डोक्यात वीज चमकली. वाळ्याची ताटी ओली केली की हवा गार होते. मग छत ओलं केलं तर? अख्खी पाणपोईच कूलर! कारखान्यात असल्या सूचनांना बक्षीस मिळायचं. मी बाहेरच्या नळाला लावलेली कूलर भरायची नळी ओढली आणि छताला मनसोक्त न्हाऊ घातलं.

पहिली काही मिनिटं स्वर्ग होता. वरून थेंब, खाली गारवा. भाजीच्या पिशव्या घेतलेला एक जण छताखाली थांबला आणि "वा काका!" म्हणाला. मी चेकाळून अजून पाणी मारलं.

मग छत खाली यायला लागलं. सूत पाणी पितं, जड होतं, ताणतं. पोट सुटावं तसा त्याला झोळ आला, मग म्हशीच्या पोटासारखा, मग थेट माठांच्या झाकणांना टेकला. फक्त मधोमध एक तुकडा सरळ, ताठ, पाण्याला अजिबात दाद न देणारा. माझे चार चौकोन. आजूबाजूचं सगळं खाली ओढलं जात होतं आणि ते हटायला तयार नव्हते. टर्र आवाज झाला आणि त्यांच्या चारही बाजूंचा जोड सुटला.

नेमक्या त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी काकी, आपा आणि बायको दिसल्या. बायकोच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं.

काकी आल्या, लोंबणारा दोरा हातात घेतला. माझ्याकडं बघितलंच नाही. "वहिनी," त्या हळू म्हणाल्या, "जोड सुटला की हो."

बायकोनं ताट ओट्यावर ठेवलं आणि पदरानं कपाळ पुसलं. घाम नव्हता, तरी पुसलं. माझ्यामुळं तिचे बरेच दिवस वाया गेलेत, पण असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

मी नळी टाकली, खिशातून कॅलिपर काढलं आणि स्टुलावर चढलो. "काकी, जोडाला हात लावू नका. आधी माल तपासू." एक पिवळा चौकोन मोजला, नमुन्यापेक्षा कितीतरी वाढलेला. एक निळा मोजला, तोही वाढलेला. मग माझा मोजला. केसभर हलला नव्हता. "बघा, जोड सगळीकडं टिकलाय, फक्त या चौघांभोवती सुटलाय. जोड पास. चौकोन नापास. दोष, विणणारा. आणि पाणी मारणाराही तोच."

आपा ओल्या छताखालून वाकून बघत होत्या. "खंबा सच बोल रहा है," त्या म्हणाल्या. "सिलाई पक्की है. बाकी किधर खुली?"

काकींनी अंगठा फिरवला. सगळीकडून. बराच वेळ. मग बायकोकडं वळल्या. "ह्यांचे चौकोन मधोमध कशाला लावले वो वहिनी? कडेला लावायचे."

"मान वर करून मधेच बघतील ना ते," बायको म्हणाली. "कडेला दिसले असते तर आठवडाभर फुगून बसले असते."

काकी हसल्या, तेव्हा कुठं ती हसली. मी स्टुलावरच होतो, वरून पाणी गळत होतं, त्यामुळं माझ्या तोंडावर काय होतं ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

छत उतरवलं, उन्हात वाळवलं. चार चौकोन उसवून दोरा सोडवायला आपांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाकीचं वाळलं. माझे टाके सुटता सुटेनात, शेवटी कात्री लावली. मधोमध बायकोनं नवे चौकोन विणून घातले आणि जोड पुन्हा तिनंच घातला. काकींनी दुसऱ्या कुणाला देऊ केला नाही.

पाणपोई सुरू आहे. छत थोडं झोळदार आहे, उंच माणसाला वाकावं लागतं. माझी नेमणूक बाहेर झाली आहे. माठ भरायचे, पेले विसळायचे, आणि नळी फक्त माठाकडं धरायची. लड आली तर सकाळी घरी माझ्या हातांत अडकवली जाते. दुकानाचं काचेचं दार दुपारी लावलेलं असतं, आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. मी कधी मागत नाही, पण कूलरचा वारा फटीतून माझ्या पायावर येतो.

काल एक पोरगी पाणी पिता पिता वर बघून म्हणाली, "काका, हे कुणी केलंय हो?"

"आमच्या मंडळींनी," मी म्हणालो. "मधला भाग नीट बघ."

आत त्या तिघी कशावर तरी पोट धरून हसत होत्या. काचेतून नुसतं दिसतं, ऐकू येत नाही. बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं, आपांना काहीतरी सांगितलं आणि पुन्हा हसू फुटलं. मी पुढचा माठ भरायला घेतला.