सरकारी दवाखान्यासाठी पहिली खाट

काल पुंडलिकनगरात शेजाऱ्यांच्या गेटला ऑइलपेंट लावत होते. तो वास आला आणि मी थेट बजाजनगरातल्या आमच्या जुन्या शेडमध्ये पोचले.

नवरा आणि मी तिथं लोखंडी कपाटं बनवायचो. काम जवळपास बंद पडलं होतं. तेवढ्यात सरकारी दवाखान्यांसाठी इथल्या लहान कारखान्यांकडूनही खाटा घ्यायचं ठरलं. आम्ही एक नमुना केला. त्याच्या पांढऱ्या रंगाचा वास शेडभर कोंडला होता, तेव्हा तपासणीचे साहेब आले.

त्यांनी हँडल फिरवलं. डोक्याकडची बाजू सावकाश वर आली.

"वजन पेलेल का?" साहेबांनी विचारलं.

आमचे वेल्डर सलीमभाई म्हणाले, "लई मजबूत हाय साहेब. बसूनच दाखवतो ना."

ते बसले, नवरा बसला, मग पदर खोचून मीही बसले. खाट जरासुद्धा कुरकुरली नाही. साहेबांना हसू आलं. आम्हाला उठवून, बूट काढून ते स्वतःच आडवे झाले.

"पेशंटला झोप लागेल इथं," पत्र्याकडं बघत ते म्हणाले. "लागा कामाला."

ते गेल्यावर आम्ही तिघं पुन्हा त्या खाटेवर बसलो आणि कितीतरी वेळ हसत राहिलो. तेव्हा वाटलं, हा आनंद ऑर्डरीचा. पुढं ऑर्डरी पुष्कळ आल्या, शेडही वाढली. पण आपण बनवलेल्या वस्तूवर परका माणूस निर्धास्त अंग टाकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं.