जाते म्हणणाऱ्या साळवे सिस्टर

ड्यूटी संपली की साळवे सिस्टर "येते" म्हणत नसत, "जाते" म्हणत. लहान मुलांच्या वॉर्डात, जिथे प्रत्येक आईचा जीव आधीच टांगणीला लागलेला, तिथे त्या प्रत्येक खाटेपाशी थांबून मुलांना सांगायच्या, "मी जाते. उद्या सकाळी येणार." दुसऱ्या दिवशी सुट्टी असली तर, "मी जाते. उद्या येणार नाही. परवा येणार." आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. घरातून निघतानासुद्धा जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. दवाखान्यात तर तो शब्द कानावरसुद्धा नको. पहिल्या दिवशी मी तो ऐकला आणि वैशूच्या कपाळावरून हात फिरवला, जणू काही तो तिथे चिकटला होता आणि मला पुसायचा होता.

वैशू म्हणजे माझी मुलगी वैष्णवी. तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या एका किडनीतून खाली येणारी नळी जन्मापासून अरुंद. लघवी साठून किडनी फुगायची, ताप चढायचा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करावं लागेल, नाहीतर ती किडनी जाईल. आम्ही वाशीमकडचे, आता धायरीत राहतो. नवरा टेम्पो चालवतो, मी दोन सोसायट्यांमध्ये पोळ्या करते.

मला ऑपरेशनपेक्षा भीती वैशूचीच जास्त होती. आधी दुसऱ्या एका ठिकाणी तिची तपासणी झाली होती. मला बाहेर थांबायला सांगून दार लावून घेतलं. आतून तिचं ओरडणं ऐकू येत होतं, मग ओरडून ओरडून आवाज बसला. बाहेर आणली तेव्हा ती माझ्याकडे बघेना. त्यानंतर पांढरे कपडे दिसले की तिचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि उलटी होईपर्यंत किंचाळायची. झोपेतसुद्धा माझी ओढणी मुठीत असायची. ऑपरेशनची पहिली तारीख तशीच गेली. रडून रडून उलट्या झाल्या, अंग तापलं, भूल देणारे डॉक्टर म्हणाले, अशा अवस्थेत आज नको, शांत करून आणा. कसं शांत करायचं ते कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा भरती केलं ते साळवे सिस्टरांच्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवर मांजरी गावच्या एक आजी नातवाला घेऊन होत्या. नातू कुरकुर करत होता. आजी म्हणाल्या, "गप बस, न्हाईतर त्या सिस्टर सुई टोचत्याल."

पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सिस्टर वळल्या. उंच, काटक बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"आजी, माझ्या नावाने भीती घालायची नाही. मी काय लोकांची नातवंडं शोधत हिंडते का टोचायला?"

"तसं न्हाय ओ बाई, गप ऱ्हावा म्हनून."

"मग गोष्ट सांगा. गोष्ट येत नसेल तर तुम्ही हात पुढे करा. माझ्याकडे सुया भरपूर आहेत."

आजींनी तोंडाला पदर लावला. नातू मात्र हसला.

सिस्टरांचे हात कायम थंड. मुलाला हात लावण्याआधी त्या दोन्ही पंजे काखेत धरून जरा वेळ उभ्या राहायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई रुसून उभी आहे. त्या म्हणायच्या, "थंड हात लागला की मूल ओळखतं, आता हे काहीतरी करणार."

वैशूच्या खाटेजवळ त्या पहिल्या दिवशी आल्याच नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "वैष्णवी, मी साळवे सिस्टर. आज मी तुला टोचणार नाही. उद्या टोचणार आहे. सांगून टोचीन."

लहान पोरीला कुणी आदल्या दिवशी असं सांगतं का? वैशूने किंकाळी फोडली. सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या. दम लागून वैशू थांबली तेव्हा म्हणाल्या, "रड. इथे रडायला परवानगी आहे. फक्त हलायला नाही." संध्याकाळी जाते म्हणून गेल्या. त्या दिवशी खरंच कुणी टोचलं नाही. रात्री वैशू मला दोनदा म्हणाली, "नाही टोचलं." तिचा विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी हात सुन्न करायचं मलम लावलं. मग पंजे काखेत धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता टोचते. थोडं दुखेल. मग थांबेल." मी वैशूच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर मला डोळ्यांनीच थांबवलं. वैशू वॉर्ड दणाणेल इतकी ओरडली. पण हात जिथे होता तिथेच राहिला.

त्याच दुपारी त्या बिनसुईची सिरिंज आणि भुलीचा मास्क घेऊन आल्या. "आज आई पेशंट. वैष्णवी सिस्टर." मला चारचौघांत बोलायचीही लाज वाटते, आणि इथे अख्खा वॉर्ड बघत होता. तरी मी खाटेवर आडवी झाले. वैशूने सिरिंज हातात घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि साळवे सिस्टरांना म्हणाली, "तिचे पाय धरा."

"कशाला? पळून चाललीय का ती?"

"धरा. डोकं पण धरा. माझं धरलं होतं."

त्या बंद दाराआड काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. मी वरच्या पंख्याकडे बघत पडून राहिले.

सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. "धरलं होतं ना? इथे तसं नाही करायचं. इथे आधी विचारायचं. आईला विचार."

वैशूने सिरिंज खाली घेतली. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आई, टोचू का?"

"टोच."

तिने हळूच सिरिंज माझ्या दंडाला टेकवली आणि म्हणाली, "रड. परवानगी आहे."

सगळा वॉर्ड हसला. मांजरीच्या आजी तर डोळे पुसत हसत होत्या. मी खरंच रडत होते, ते एक बरं झालं, खेळात खपून गेलं.

मग मास्क. आधी मला, मग सिस्टरांना, शेवटी वैशूने स्वतः लावून बघितला. "आत फुंकर मारायची. त्याला एक फुगा असतो, तो फुगतो, बसतो. फुंकता फुंकता झोप येते," सिस्टर म्हणाल्या. वैशूने मास्क खाली घेतला.

"मी झोपले की आई जाणार?"

"का गं?"

"आई रोज पळून जाते."

सकाळी कामावर निघताना मी तिला शेजारच्या मंगलकाकूंकडे सोडते. मंगलकाकू टीव्ही लावतात, मला हाताने खुणावतात, निघ, तिचं लक्ष नाही. आमच्या चाळीतल्या सगळ्याच बायका अशा निघतात. सिस्टरांनी चष्मा नाकावर घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"अहो आई, सांगून का नाही जात?"

"रडते हो ती."

"रडू दे की. रडून थांबेल आणि खेळायला लागेल. डोळा चुकवून गेलात तर दिवसभर दाराकडेच बघत बसेल."

मग वैशूकडे वळून म्हणाल्या, "ऑपरेशनच्या खोलीत आई येणार नाही. मी येणार. पण तू डोळे उघडशील तेव्हा आई समोर असेल."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द त्या फार जपून वापरायच्या. ऑपरेशन नीट होईल ना, असं मी त्यांना एकदा दबकत विचारलं होतं, तेव्हा त्या 'नक्की' म्हणाल्या नव्हत्या. "डॉक्टर चांगले आहेत. पुढचं मला माहीत नाही," एवढंच म्हणाल्या होत्या. त्या रात्री मला त्यांचा राग आला होता.

ऑपरेशनच्या दिवशी वैशू हिरवा झगा घालून सिस्टरांचं बोट धरून चालत निघाली. दुसऱ्या हातात माझी ओढणी. मोठ्या दारापाशी सिस्टर म्हणाल्या, "आई इथपर्यंत." मला वाटलं, आता पुन्हा तेच, आता किंचाळेल. तिचा ओठ थरथरला. तिने ओढणी सोडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"आई, मी जाते. मग येणार."

तो शब्द, त्या दारात, तिच्या तोंडून. येते म्हण गं बाळा, असं अगदी ओठावर आलं होतं. सिस्टरांनी मान किंचित हलवली, नको. मी म्हणाले, "जा."

दार बंद झालं. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आल्या. "झोपली. थोडी रडली. कुणी धरलं नाही. डोळे उघडायच्या वेळी मी तुम्हाला आत न्यायला येते." तेवढ्यात वॉर्डातून एक बाई धावत आली, कुणा मुलाला झटके येत होते. सिस्टर तशाच पळाल्या.

नवरा खाली औषधांच्या रांगेत होता. मी दारासमोर बसून राहिले. वैशूनंतर आत गेलेल्या एका मुलाला बाहेर आणलं तरी वैशू आली नव्हती. मी 'जा' का म्हणाले, हेच डोक्यात फिरत होतं. शेवटी दार किलकिलं झालं, एक तरुण सिस्टर डोकावली.

"वैष्णवीचं कोण? ऑपरेशन झालंय. वॉर्डात जाऊन थांबा, शुद्धीवर आली की तिकडे आणतील."

"मला आत यायचंय."

"आत नातेवाईक नसतात."

मी जिन्याकडे पाहिलं. साळवे सिस्टर दिसत नव्हत्या. सोसायटीच्या वॉचमनने कुठे चाललात विचारलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते. कुणी थांबा म्हटलं की मी थांबते. तेवढ्यात आतून आवाज आला. रडणं नव्हे, झोपेतून जागं होताना वैशू करते ती बारीक कुणकुण.

"तिने डोळे उघडले की मी दिसले पाहिजे," मी म्हणाले. "साळवे सिस्टरांनी तिला सांगितलंय."

"साळवे सिस्टर वॉर्डच्या आहेत, इथल्या नाहीत."

"तिला ते कसं कळणार? तिला सांगितलंय, आई असेल."

"अहो बाई, समजून घ्या ना."

मी चपला काढल्या, तिच्या बाजूने वाट काढली आणि आत गेले. मागून "अहो, अहो" ऐकू येत होतं. वैशू तोंडावर ऑक्सिजन लावून एका कुशीवर होती, हाताला नळी, पोटाला पट्टी. तिची नजर पडेल अशा बाजूला मी जाऊन उभी राहिले. तरुण सिस्टरने माझा दंड धरला. मी खाटेची दांडी धरली.

"राहू दे गं तिला." साळवे सिस्टर दारात होत्या. धाप लागलेली, डोक्याला घाईने टोपी चढवलेली. "मी शब्द दिलाय."

"सिस्टर, डॉक्टर ओरडतील."

"माझ्यावर ओरडतील. मला सवय आहे." मग माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाल्या, "गेलात का आत? बरं केलंत. मला वाटलं, दारातच रडत बसला असाल."

वैशूच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले, भिरभिरले, माझ्यावर येऊन थांबले. ती किंचाळली नाही.

"आहेस," ती म्हणाली, आणि पुन्हा झोपली.

किडनी वाचली. ऑपरेशनच्या वेळी आत ठेवलेली बारीक नळी काढायला काही आठवड्यांनी पुन्हा भरती व्हायचं होतं. वैशू स्वतःहून पिशवीत आपले कपडे भरत होती आणि मंगलकाकूंना सांगत होती, "तिथे रडायला परवानगी आहे."

नळी निघाली, त्याच संध्याकाळी साळवे सिस्टरांचा नोकरीतला शेवटचा दिवस संपला. खाली त्यांच्यासाठी हार आणि सामोसे आले होते, सगळे बोलावत होते. त्या आधी वॉर्डात आल्या आणि नेहमीसारख्या खाटेखाटेपाशी थांबल्या. "मी जाते. उद्या येणार नाही. परवाही नाही. आता येणारच नाही." काल भरती झालेल्या मुलालासुद्धा सांगितलं, ज्याला त्या कोण हेही माहीत नव्हतं.

एका मुलाची आई कळवळून म्हणाली, "सिस्टर, आज तरी येते म्हणा हो."

"येणार नाहीये ना मी. मग कशाला सांगू?"

वैशूच्या खाटेपाशी त्या जास्त वेळ थांबल्या. वैशूने ऐकलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं. मी तिला गप्प करायला गेले तर त्या म्हणाल्या, "रडू दे." त्यांनी पंजे काखेत धरले, ऊब येईपर्यंत थांबल्या आणि मग तिच्या गालाला हात लावला. त्या दारातून दिसेनाशा झाल्या तरी वैशू रडत होती. मग थांबली आणि बिस्किट मागितलं.

आता ती शाळेत जाते. सुट्टीच्या दिवशी मी कामावर निघताना दारात उभी राहून सांगते. सुरुवातीला ती रडायची, मंगलकाकू माझ्यावर चिडायच्या. त्या अजूनही म्हणतात, "अगं, येते म्हण, शुभ बोलावं माणसाने." मी आज सकाळीही दारातूनच म्हणाले, "वैशू, मी जाते. दुपारी जेवायला येणार."

ती चित्र रंगवत होती. तिने मान वर केली नाही.

"जा," म्हणाली.