चिखल्याची वगळलेली उत्तरं

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागप्रमुख सरांना मोबाइल गेमवरच्या संशोधनासाठी अनुदान मिळालं आणि गावोगाव फिरायचं काम माझ्याकडे आलं. प्रकल्पाच्या नावातच ‘दुष्परिणाम’ हा शब्द होता. शोध लागायच्या आधीच परिणाम वाईट निघणार हे ठरलेलं. मी तसं म्हटलं, तर सर म्हणाले, “मॅडम, शब्दात नका अडकू. उन्हं वाढायच्या आत फिरून घ्या.”

उन्हं वाढलीच. आंधळगावात एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत मी घामाघूम बसले होते. दुकान चालवणारी बाई स्वतःहून बोलायला आली होती. तिचा मुलगा बारावीत नापास झाला होता.

“गेमच्याच पायी गेला त्याचा साल,” ती म्हणाली. “लिवा तुमी.”

“फोन कधी घेतला त्याला?”

“निकालानंतर. घरात बसून डोकं खाऊन राहिला होता, मंग बापानं घेऊन देल्ला.”

म्हणजे नापास आधी आणि गेम नंतर. मी तिच्याकडे बघितलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि आमच्या प्रश्नावलीतही आधी काय नि नंतर काय हे विचारायला जागा नव्हती. तिच्या घराची नोंद ‘अभ्यासावर वाईट परिणाम’ अशीच झाली.

पुढे चिखल्याला गेले. तिथे खाणीतल्या कामगारांच्या वस्तीत एक तरुण जोडपं भेटलं. नवरा खाणीत उतरायचा, बायको घरी शिलाई करायची. तो दुपारच्या पाळीला जायच्या आधी दोघं एकाच टीममधून बंदुकीचा गेम खेळत बसत. मी गेले तेव्हाही खेळतच होते, आणि दोघांना हसू आवरत नव्हतं.

मी प्रश्न वाचला, “खेळून झाल्यावर कुणाशी भांडावंसं वाटतं? नेहमी, बरेचदा की कधीकधी?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ती म्हणाली, “‘कधीच नाही’ नाही का मॅडम यात?”

नव्हतं. आंधळगावात ‘नाही’ म्हणणाऱ्यांना मीच आपली ‘कधीकधी’वर खूण करायला सांगत आले होते, कारण तेच त्यातल्या त्यात जवळचं. तिथून पुढे मात्र मी समासात पेनाने ‘कधीच नाही’ लिहीत गेले. चिखल्यात ते इतक्या वेळा लिहावं लागलं की बोट दुखलं.

सरांनी ते कागद चाळले आणि बाजूला ठेवले. “हाताने लिहिलेलं धरता येत नाही. चिखला वगळू.”

नियमाने त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी म्हटलं, “मग पर्याय दुरुस्त करू, मी सगळीकडे परत जाते.”

“बघू,” ते म्हणाले. दोन-तीन दिवस टाळाटाळ झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला होत्या, त्यामुळे ते तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचे. दार त्यांच्या मुलाने उघडलं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसलेला पंचविशीतला मुलगा. गळ्यात हेडफोन अडकवलेला. पाणी देऊन तो आत गेला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सर त्या दाराकडे बघत राहिले. “माझ्या घरात घडलंय हे, मॅडम. चिखल्याचे लोक हसून खेळतात म्हणून मी ते खोटं मानू?”

“खोटं नाही, सर. पण हे एक घर आहे.”

“माझं तं हेच आहे,” ते म्हणाले.

भांडायच्या तयारीने गेले होते, पण तो सगळा जोर तिथेच गळून गेला. निघताना मुलगा गेटपर्यंत सोडायला आला. मी विचारलं, “तुला दिली होती का रे सरांनी प्रश्नावली?”

“नाही,” तो म्हणाला. “कॉलेज मी कायले सोडलं, हेसुद्धा कोणी विचारलं नाही.”

ते तरी मी विचारायला हवं, असं वाटून मी थांबले. पण कारखान्याची बस समोर येऊन उभी राहिली, त्याची आई उतरली, आणि तो आत निघून गेला.

पेपर चिखल्याशिवाय छापून आला. माझं नाव मी काढायला लावलं. बातमी झाली, आणि गावागावांत आईबाप तिचा फोटो एकमेकांना पाठवू लागले. चिखल्याची उत्तरं मी वेगळी लिहून दोन मासिकांकडे पाठवली. ‘विशेष काही आढळत नाही’ म्हणून दोन्हीकडून परत आली. मग एका गेम बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. आवाज फार गोड होता.

“आम्हाला तुमचा चिखल्याचा डेटा हवा आहे.”

“सगळ्या गावांचा मिळून घ्या,” मी म्हटलं.

“नाही, फक्त चिखला पुरे.”

मी फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा इतकी थकले की जेवणही केलं नाही. एकाला चिखला नको होता, दुसऱ्याला चिखल्याशिवाय काहीच नको होतं.

सर आता निवृत्त झाले आहेत. भेटले की तब्येतीबद्दल बोलतात, त्या कामाबद्दल नाही. मुलगा नागपूरला कुठल्याशा ऑफिसात लागला आहे. गेम सुटला का, ते मी विचारत नाही. यंदा नवा प्रकल्प माझ्याकडे आलाय, रील पाहण्याचे ‘दुष्परिणाम’. ‘दुष्’ काढा असं लिहून मी तो प्रस्ताव परत पाठवला. वरून विचारणा आली, मग अभ्यास नेमका कशाचा करणार? त्याचं उत्तर मी अजून लिहितेच आहे.