थई जशे

मुलाच्या बापाने मला फसवलं, आणि मी माझ्या मुलीला फसवलं. पहिली गोष्ट माझी सोसायटीत, बाजारात आणि गावाकडच्या प्रत्येक लग्नात सांगून झालेली आहे. दुसरी आज पहिल्यांदा सांगतो आहे, तीही लिहून, कारण तोंडाने सांगायला लागलो की मला राग येतो आणि मग मी पुन्हा पहिलीच सांगत बसतो.

खानदेशातून सुरतला आलो तेव्हा माझं वजन किती होतं ते मला माहीत नाही. भेस्तानला एका खोलीत सहाजण, लूमवर बारा तासांची पाळी, डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. सणाला घरी गेलो की आई शर्ट ओढून बघायची आणि म्हणायची, यात माझा पोरगा कुठे आहे? पुढे लूम सुटलं, कापडाची दलाली जमली, पर्वत पाटियाला स्वतःचा गाळा झाला. पोट आलं. मग गावी गेलो की पारावरची माणसं म्हणायची, "सुरतचं पाणी मानवलं बरं तुला!" मी पोटावरून हात फिरवायचो. माझ्याकडे कॉलेजची पदवी नव्हती, वडिलांची जमीन नव्हती. लोकांना दाखवायला तेवढं पोटच होतं.

मुलगी लहानपणापासून गुटगुटीत. रविवारी मी नाश्त्याला गरम लोचो आणायचो, चंदी पडव्याच्या सणाला तुपातली गोड घारी. कळण्याच्या भाकरीवर तेल घालून ती दुसरी भाकरी मागायची तेव्हा बाजारातली दिवसभराची भांडणं मी विसरून जायचो. कुणी म्हणालं, "पोरगी जरा जाड होतेय," तर माझं ठरलेलं उत्तर होतं, "खात्यापित्या घरची आहे. तुमच्या घरात काय शिजत नाही का?" पुढे ती साड्यांची डिझाइनं काढायला लागली. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, चहा, बिस्किटं. वजन आणखी वाढलं. ती कधीमधी म्हणायची, "पप्पा, जिने चढताना दम लागतो." मी म्हणायचो, लिफ्ट कशाला आहे?

तेव्हा तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण आम्ही ऐकलं ते पाहुण्यांचं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात मुलाकडचे बघायला आले. मुलगा नोकरीला, बाप पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, माणसं आमच्याच भागातली. पोहे झाले, मुलगी ट्रे घेऊन आत गेली. मुलाची आई म्हणाली, "मुलगी गोड आहे. फक्त जरा भरलेली आहे." बाप हसत म्हणाला, "आजकाल फोटो फार निघतात हो लग्नात. थोडं कमी झालं तर जोडा शोभेल."

आता माझी सवय सांगतो. आमच्या बाजारात गिऱ्हाईक काहीही खोड काढू दे. रंग फिका आहे, बॉर्डर बारीक आहे, काहीही. दलाल नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "थई जशे." होऊन जाईल. गुजराती असो, मारवाडी असो, आमचा खानदेशी असो, सगळ्यांच्या तोंडात हे दोन शब्द तयार असतात. आधी सौदा पक्का करायचा, कसं होईल ते नंतर बघायचं. मी हे दोन शब्द इतकी वर्षं बोललो आहे की ते बोलायला मला विचार करावा लागत नाही.

मी विचारलं, "किती कमी?"

"दहाएक किलो."

"दहा फार झाले, पाहुणे. पाच."

"पाचात काय दिसणार? आठ तरी."

"सात," मी म्हणालो. "दिवाळीपर्यंत. थई जशे!"

सगळे हसले. मीही हसलो. मुलाच्या बापाने माझ्या हातावर टाळी दिली. दहावरून सातवर आणलं म्हणून मी खूश होतो, हे खोटं कशाला सांगू? स्वयंपाकघराला आमच्याकडे दार नाही, नुसता पडदा आहे. पडद्यामागे ट्रे धरून मुलगी उभी होती. पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "पप्पा, माझा भाव चांगला आला का?" मला वाटलं थट्टा करते आहे. मी म्हणालो, "तुझा बाप आहे, बेटा. कुणाचं ऐकून घेणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला सकाळी कालव्याकाठच्या रस्त्यावर चालायला न्यायला लागलो. खरं तर ती चालायची आणि मी बाकावर बसायचो. गाळ्यातला पार्सल तोलायचा काटा घरी आणला आणि बाल्कनीत ठेवला. दर सोमवारी ती त्यावर उभी राहायची आणि मी आकडा वाचायचो. एक उतरला, दोन उतरले. तिने आधी भाकरी सोडली, मग भात, मग रात्रीचं जेवण. काकडी आणि गरम पाणी. नवरात्रात बिल्डिंगखाली गरबा चालू असताना ती खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. दर वर्षी तिला ओढून घरी आणावं लागायचं. मला एवढंच दिसलं की सहा उतरले आहेत.

बायको मला एक-दोनदा म्हणाली. चिडली की ती अहिराणीच बोलते. "तुमले दिसत नही का? पोर वाळी चालनी!" मी म्हणालो, वाळत नाही, शेपमध्ये येते आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो.

खरं तर हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. कापडाला कांजी लावून वजन वाढवतात, मग मी कोपरा पाण्यात बुडवतो, दोन बोटांत चोळतो, आणि खरं कापड किती ते व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगतो. माल हातात घेतल्याशिवाय मी आकड्यावर कधी विश्वास ठेवला नाही. घरात मात्र फक्त आकडा वाचत राहिलो.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी ती कालव्याजवळ चालत होती. मी बाकावरून ओरडलो, "एकच राहिला! आणखी एक चक्कर!" तिने हात वर केला आणि रस्त्याच्या कडेला बसली. मग आडवी झाली. मी धावलो. किती वर्षांनी धावलो होतो कोण जाणे. पोहोचेपर्यंत मलाच घेरी यायला लागली. दोन बायकांनी तिला उचललं, आणि नंतर मलाही हात दिला.

दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "रक्त फार कमी झालंय. चरबीबरोबर मुलीची ताकदही गेलीय. वजन कशासाठी उतरवायचं होतं? गुडघे, पाठ, दम, काही त्रास होता?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "लग्नासाठी."

"लग्न हा आजार नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही या काट्यावर. तुम्हीही धापा टाकताय."

मी काट्यावर उभा राहिलो. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही, नुसता लिहून घेतला. मी पाच-सहा महिने माझ्या मुलीचा आकडा बाल्कनीतून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा वाचत होतो. माझ्या रक्तात साखर निघाली, दाबही वाढलेला. इतकी वर्षं माझ्या पोटाला लोक सुरतचं पाणी म्हणत होते. कुणी म्हणालं नाही की दहा उतरवा, जोडा शोभेल.

मुलगी चक्कर येऊन पडली, ही बातमी माझ्या आधी पलसाण्याला पोहोचली. आठ दिवसांत निरोप आला: मुलगी नाजूक दिसते, आम्हाला धडधाकट सून हवी. भरलेली होती तर नको होती, वाळली तर नाजूक झाली. मी स्कूटर काढली आणि सरळ मिलच्या फाटकावर गेलो. जाताना तोंडात काय काय शिव्या तयार होत्या ते इथे लिहिता येणार नाही.

मुलाचा बाप बाहेर आला. मी म्हणालो, "ठरलेला माल दिल्यावर खोड काढतोस? बाजारात असा धंदा केला असतास तर उभा राहिला नसतास!"

तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आम्ही नुसतं बोललो होतो. आकडा तुम्ही विचारला. सात तुम्ही म्हणालात. थई जशे पण तुम्हीच म्हणालात."

घरी येऊन मी हे सगळं तावातावाने सांगितलं. मुलगी डाळ-भात कालवत होती, डॉक्टरांनी सांगितलेला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, त्यांच्या मुलाचं वजन किती होतं?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"तुम्ही विचारलं नाही? तुम्ही तर समोरच्याचा माल बघितल्याशिवाय बोलत नाही."

बायकोने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, मी बघितलं नाही.

आता वर्ष होत आलं. काटा गाळ्यात परत गेला आहे. रोज सकाळी मी चालतो, आता बाकावर बसत नाही. फरसाण बंद, घारी सणाला एक तुकडा, भाकरी मोजकी, भाजी भरपूर. मुलगी बायकांच्या जिममध्ये जाते. परवा म्हणाली, "आता मी वजन उतरवत नाही, उचलते." दम लागत नाही, गालांवर रंग आला आहे. तिचं वजन किती आहे ते मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही.

पण एक गोष्ट राहिली आहे. ताटात भाकरी आली की ती तिचे चार भाग करते. तीन खाते. चौथा ताटाच्या कडेला राहतो. तिला भूक असते, मला दिसतं. डॉक्टर म्हणाल्या, याला वेळ लागेल, जबरदस्ती करू नका. मी करत नाही. बायको ताट उचलते, मी तो तुकडा बघतो, आणि पुन्हा ते पडद्याचं दार, तो ट्रे, ती टाळी आठवते. त्या टाळीतला एक हात माझा होता. माझ्या हाताचं उत्तर मी मुलीला दिलं, दिवाळीला, तिच्यासमोर बसून माफी मागितली, आणि ती म्हणाली, ठीक आहे पप्पा, जेवा. दुसऱ्या हाताचं उत्तर अजून यायचं आहे.

तेव्हा पलसाण्याच्या पाहुण्यांनो, हे तुमच्यापर्यंत पोहोचेलच, आपल्या लोकांत सगळं पोहोचतं. मला तुमची माफी नको. जो प्रश्न मी आखाजीला विचारायला हवा होता, तो आज विचारतो. तुमच्या मुलाचं वजन किती? ते किती कमी केलं तर तो माझ्या मुलीशेजारी शोभेल? या, माझ्या घरी बसा, ती ताटावर असताना, आणि तिच्याकडे बघून सांगा.