गण्याचा हात आणि सावंतकाकांचं 'अहो'

सेफ्टी ऑफिसर म्हणजे किस्स्यांचं गोदाम. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दुखापत झालेल्या माणसाला जपून पुन्हा कामावर आणायचं, हे माझं काम. माणूस बरा होऊन जातो, किस्सा मात्र जन्मभर ठणकत राहतो! सध्या गोदामात सगळा माल गण्या म्हात्रेचा. प्रेस मशीनमध्ये त्याचा हात सापडला, बोटं मोडली. वाचली, हे नशीब. पण त्याला घोर एकच, पुन्हा प्रेसवर घेतील ना?

*

प्लास्टर असेपर्यंत हलकं काम म्हणून त्याला गेटवर बसवलं. पहिल्याच सकाळी त्याने मालकांना अडवलं.

"हेल्मेट?"

"अरे, मी मालक!"

"शेठ, पत्रा पडताना विचारत नाही!"

मालक शेवटी वॉचमनचं स्कूटरवालं हेल्मेट घालून आत गेले. काच खाली करून!

*

प्लास्टर निघालं. दवाखान्यातल्या फिजिओ मॅडम म्हणाल्या, "रोज कणीक मळा. बोटं सुटतील."

गण्याने इतकी मळली की शेजारच्या तीन बिल्डिंगा त्याच्याच पोळ्यांवर जगल्या! मॅडमनी "फिट" म्हटल्यावर त्याची बायको ज्योती हळूच म्हणाली, "मॅडम, एवढ्यात नको ना! आत्ता कुठे गोल यायला लागल्यात."

*

गण्या प्रेसवर परतला आणि दुपारीच माझ्या केबिनमध्ये हजर. चेहरा पांढराफटक.

"साहेब, मला काढणार!"

"कोण म्हणालं?"

"सावंतकाका मला 'गणेशराव' म्हणाले. अहो-जाहो करतायत!"

सावंतकाका आमचे फोरमन. त्यांनी 'गाढवा' म्हटलं की हजेरी लागली समजायचं. मी त्यांना गाठलं, तर नजर चुकवत म्हणाले, "त्या दिवशी मीच ओरडलेलो, 'आटप लवकर!' पोरगा गडबडला आणि हात आत गेला. आता तोंड उघडायची भीती वाटते हो."



*

परवा मशीनमध्ये पत्रा अडकला. जुन्या सवयीने गण्याचा हात तसाच पुढे निघाला.

"ए गण्या! आधी बटण बंद कर, गाढवा!"

आवाज शीळफाट्यापर्यंत गेला असणार. गण्याने बटण दाबलं. मशीन थांबलं. काका तोंडावर हात ठेवून उभे, आणि गण्या वेड्यासारखा हसत सुटलेला!

संध्याकाळी तो पेढे घेऊन काकांपुढे उभा राहिला. काकांनी डोळे वटारले.

"हात धुतलेस का रे, गाढवा?"

गण्याने बॉक्स टेबलावर ठेवला आणि दहाही बोटं पसरून दाखवली.