मांजरीच्या गेटवर इंग्रजी

कोथरूडच्या माणसाला हडपसरपलीकडच्या मांजरी गावाला जायला कारण लागतं. मला मंगलताईंनी दिलं. त्या माझ्याकडे ऑनलाइन इंग्रजी शिकतात. शेतातली भाजी नव्या सोसायटीच्या गेटवर विकायच्या. सोसायटीने त्यांना उठवलं. रविवारी चेअरमनशी बोलायचं होतं. ते केरळचे, मराठी येत नाही, हिंदी जेमतेम.

"मॅडम, तुम्ही नुसत्या उभ्या राहा," त्या म्हणाल्या. उभं राहणं मला जमतं.

कोथरूड डेपोहून हडपसरची बस, तिथून मांजरीची दुसरी. सुटे पैसे, टोपी आणि पुस्तक जवळ ठेवा. मी आमचं पाठ्यपुस्तक नेलं, त्यामुळे झोप छान लागली. जाग आली तेव्हा खिडकीत ऊस, मग टॉवर, मग परत ऊस.

मंगलताईंकडे भाकरी, वांगं आणि ठेचा. सकाळी कुणी इतकं जेवत नाही, हे माझं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. जेवताना उजळणी. पुस्तकाप्रमाणे अनोळखी माणसाशी आधी हवापाण्यावर बोलायचं; लग्न, पगार, घरचं विचारायचं नाही.

"पाठ हाय सगळं," त्या म्हणाल्या. "पण तोंडातनं येत नाय."

गेटवर चेअरमन स्कूटर पुसत होते. मंगलताईंनी गुड मॉर्निंग केलं. मग "टुडे वेदर" म्हणून आभाळाकडे बघितलं. आभाळाने मदत केली नाही. मी पुढे सरकणार, इतक्यात त्यांनी पदर खोचला.

"सर, व्हिच व्हिलेज?"

पालक्काडजवळचं एक गाव निघालं.

"मदर देअर?"

होती. एकटी होती. स्वयंपाक कोण करतं, बहीण कुठे दिली, बहिणीला मुलं किती, सगळं निघालं. पुस्तकाने बंदी घातलेला एकही प्रश्न त्यांनी सोडला नाही. मी स्कूटरच्या टायरकडे बघत राहिले. चेअरमन मात्र फडकं ठेवून आईच्या केळीबागेबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनीच विचारलं, तुम्ही काय पिकवता?

"ब्रिंजल. मेथी. माय फार्म. मॉर्निंग, गेट, टू अवर्स. प्लीज, सर."

ते गेटकडे वळले. मग वॉचमनला हाक मारून म्हणाले, यांना सकाळी बसू दे. पण आरडाओरडा नको.

"नो शाउट, सर," मंगलताई म्हणाल्या. "ओन्ली टॉक."

परतीला हडपसरला आलं-लिंबू घातलेला उसाचा रस घ्या. मी दोन ग्लास घेतले आणि पुढच्या आठवड्याचा धडा बदलला: विचारपूस मांजरीची, भाषा इंग्रजी, हवामान वगळून.

संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपलीकडे गेलेलं नाही. मी विचारलं, "काका, आपलं मूळ गाव कुठलं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"का? स्थळ आणलंय?"